दादांचे सात बुरुज

सकाळचे सहा वाजायचे होते, तोच चिखलीतल्या माझ्या लॉजखाली हॉर्न वाजला. खिडकीतून वाकून पाहिलं तर रस्त्यावर एक पांढरी जीप उभी होती आणि तिच्याजवळ पंचेचाळिशीचा एक माणूस माझ्याच खिडकीकडे पाहत होता. त्याच्या कमरेला छोटा लाउडस्पीकर बांधलेला होता आणि माइकची बारीक दांडी गालावरून तोंडाशी आलेली होती. मी हात हलवला, त्याने बटण दाबलं.

"सुप्रभात! राजवाडे, कोट आणि गढ्या या आपल्या खासगी सहलीमध्ये सर्व पर्यटकांचे हार्दिक स्वागत आहे!"

समोरच्या ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठून चालतं झालं. शेजारच्या खोलीतल्या माणसाने खिडकी धाडकन लावून घेतली. सर्व पर्यटक म्हणजे मी एकटी. घाईघाईने जिना उतरून मी पहिली विनंती केली ती माइक बंद करण्याची.

"ताई, पॅकेजमधी आहे थो," जीपचे मालक आणि माझे गाइड रामेश्वरभाऊ म्हणाले. तेही माइकमधूनच, त्यामुळे माझ्या पॅकेजमध्ये काय काय आहे हे अख्ख्या गल्लीला कळलं.

मे महिन्याच्या अखेरीस या जिल्ह्यात सहलीला निघालेली बाई पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असणार. मी आले होते लग्नाला. नवऱ्याच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न चिखलीत थाटात झालं, मंडळी नाशिकला परतली आणि मी एक दिवस मागे राहिले. 'सिंदखेड राजा बघून येते' असं मी घरी सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी आधी दादांबद्दल सांगायला हवं.

दादा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, मूळचे खामगावचे, माझ्या जन्माआधीच नाशिकला आलेले, निवृत्त शिक्षक. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. त्यांना गोष्टी सांगायचा भारी सोस आणि प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायची खोड. त्यांच्या गोष्टीतला साप दर वर्षी हातभर लांब होतो. त्यांची पहिली नोकरी टाकळी नावाच्या एका खेड्यात होती. तिथे म्हणे चुन्यासारखी पांढरीशुभ्र, सात बुरुजांची गढी (मातीचा छोटा किल्ला) होती. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, आणि मोठेपणी ऐकता ऐकता कपड्यांच्या घड्या घालत आले. मग मार्च महिन्यातल्या एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "त्या गावात मी किल्ला डोक्यावरून वाहिला आहे."

माझा मुलगा म्हणाला, "आजोबा, डोंगर उचलणारे मारुतीराय माहीत होते. किल्ला उचलणारे तुम्हीच." नवऱ्याला ठसका लागला. आणि मी, त्यांची सख्खी मुलगी सुमी, ताक सांडेपर्यंत हसले.

दादांनी ताटावरच हात धुतला. त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. विचारलं तर 'हो', 'नाही', 'पुरे'. दोन महिने होऊन गेले, पण घरात त्यांचा आवाज नाही. मुलगा माफी मागून आला, तर म्हणाले, "अरे, खरंच आहे तुझं. म्हाताऱ्याला काय आठवतंय." हे वाक्य मला फार लागलं. आपण उगाच वाढवून सांगतो हे त्यांना कायमच माहीत होतं. पण आता त्यांना वाटायला लागलं होतं, की मुळात काही घडलंच नसेल. म्हणून मला ती गढी बघायची होती. निदान तिथे एखादा बुरुज आहे, एवढं तरी त्यांना सांगायचं होतं.

"टाकळी ना? गढीवाली? पाह्यलेली आहे मी," रामेश्वरभाऊ फोनवर म्हणाले होते. "पहिले सिंदखेड राजा करू, मंग थी. चिंता नका करू."

तर आम्ही निघालो. देऊळगाव राजाच्या अलीकडे एका टपरीवर तर्री-पोहे (वरून तिखट रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. रामेश्वरभाऊंनी माझ्या पोह्यांवर तर्रीची वाटी उपडी केली आणि मी पहिल्या घासालाच रडले. "नाशिकचे लोक लवकर रडते," टपरीवाला सहानुभूतीने म्हणाला आणि मूठभर शेव टाकून गेला. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं पेरणीची वाट बघत पडली होती. बांधावरचे निंब तेवढे हिरवेगार होते. आठ वाजले नव्हते, तरी गाडीच्या दारावर हात टेकवत नव्हता.

सिंदखेड राजाला राजवाड्याचं भव्य प्रवेशद्वार रस्त्यावरूनच दिसतं. माँसाहेबांचं जन्मस्थान म्हणून लोक चपला बाहेर काढून, मान खाली घालून आत जातात. मीही गेले. आत गारवा होता आणि माइकवाला माणूस तिथे आपणहून गप्प झाला. बाहेर आल्यावर मात्र त्याने सगळी कसर भरून काढली.

"पर्यटकांनी कृपया उजवीकडे पाहावे!"

मी उजवीकडे पाहिलं.

"आता पर्यटकांनी भिंतीची जाडी अवलोकन करावी!"

हे काळ्या कोटापाशी. भिंती खरोखरच अवलोकन करण्यासारख्या आहेत. काळ्याभोर दगडाच्या, उंच आणि इतक्या रुंद, की वरून बैलगाडी जाईल असं वाटावं. मी भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले तर दगड अजून रात्रीचे गार होते. रामेश्वरभाऊ पाठ केलेलं भाषण धडाधड म्हणत होते आणि मला ते शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांपुढे उभ्या मुलासारखे वाटत होते. मध्येच माइकची बॅटरी संपली. त्यांनी दोनदा थाप मारली, हताश होऊन तो डोक्यावरून काढला आणि माझ्या शेजारी सावलीत बसले.

"खरं सांगू का ताई," ते साध्या आवाजात म्हणाले, "मी लहान होतो ना, तवा मामासंगं इथी येवो. मामा म्हने, या भितीले कान लाव, घोडे ऐकू येते. मी लावो. मले यायचे बी ऐकू."

"आता?"

"आता कोनी पाहत नसलं की लावतो."

मग आम्ही दोघांनीही कान लावला. मला माझंच रक्त धडधडताना ऐकू आलं, पण घोडे म्हणायला हरकत नव्हती. त्या क्षणापासून सहल खऱ्या अर्थाने सुरू झाली. मोती तलावाच्या बांधावर ते मला आपल्या भाषेत सांगत सुटले. पाणी कुठून येई, कुठून जाई, बांधाच्या कोणत्या कोपऱ्यात बसलं की मे महिन्यातही वारा लागतो. पाणी तळाला गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात बगळे ऐटीत फिरत होते. इथल्या राजांच्या समाधीची घुमटाची मोठी इमारत आम्ही उन्हामुळे धावतपळत पाहिली. माइक लावलेले रामेश्वरभाऊ मला पुस्तक वाचून दाखवत होते. माइक काढलेले रामेश्वरभाऊ मला गाव दाखवत होते. मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर ते लाजले आणि गाडीत बसल्याबरोबर त्यांनी माइक चार्जिंगला लावला.

साखरखेर्ड्यावरून आम्ही हिवरा आश्रमाच्या बाजूला निघालो. आश्रमाच्या फाट्यावर उसाचा रस प्यायलो. तिथून आत वळलो आणि साडेबाराच्या उन्हात एका गावात शिरलो. वेशीवर पाटी होती, टाकळी.

पारावर तिघे-चौघे बसले होते. मी गाडीतून उतरून थेट विचारलं, "गढी कुठे आहे हो?"

"गढी?" एक आजोबा इतरांकडे बघत म्हणाले. "गढी नाई जी इथी. कधीच नव्हती."

"सात बुरुजांची. पांढरी."

"बाई, माही उमर अठ्ठ्याहत्तर. गढी असती तं मले दिसली असती ना."

मी मटकन पाराच्या कडेला बसले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला मुलाचं वाक्य आठवलं आणि पुन्हा हसू फुटतंय की काय अशी भीती वाटली. पण डोळ्यांत पाणीच आलं. दादांना काय सांगायचं? काहीच नव्हतं दादा, तुम्ही म्हणाला होता तेच खरं, तुम्हाला काही आठवत नाही?

रामेश्वरभाऊंचा चेहरा तर बघवत नव्हता. पदर डोक्यावर घेतलेली एक बाई माठातलं पाणी घेऊन आली. मी पाणी पीत होते, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "भाऊ, तुमी टाकळी काऊन (का) म्हनून राह्यले नुसतं? आपल्या जिल्ह्यात टाकळ्या काय एक आहेत? कोनाजवळची टाकळी थे तं सांगा."

रामेश्वरभाऊंनी कपाळावर हात मारला. आमच्या दोघांची चूक अगदी सारखी होती. दादा आयुष्यभर नुसतं 'टाकळी' म्हणत आले, कारण त्यांच्या दृष्टीने जगात टाकळी एकच होती, आणि मीही तेवढंच पुढे सांगितलं. आणि रामेश्वरभाऊंनीही नुसतं 'टाकळी' ऐकलं, कारण त्यांची सासुरवाडी या टाकळीच्या शेजारी होती. गढी त्यांनी पाहिली होती ती तिसऱ्याच कुठल्यातरी गावाची. या इलाख्यात गावाचं नाव सांगताना शेजारच्या गावाचंही सांगतात, ही साधी रीत आम्ही दोघेही विसरलो होतो.

"वडील बाजाराले कुठी जात होते?" त्या बाईने मला विचारलं.

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. दादांच्या सगळ्या गोष्टींत बाजार होता. दर आठवड्याला सायकलवर अमडापूर, येताना चिवडा.

"मंग अमडापूरच्या पल्याड पाहा," ती म्हणाली आणि माझा रिकामा तांब्या भरून परत हातात दिला.

अमडापूर मागे टाकून आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन वाजत आले होते. चढावर इंजिन तापलं, थांबलो, बाभळीखाली उभे राहिलो, पुन्हा निघालो. मग एका वळणावरून गाव दिसलं आणि माझा धीर सुटला. चारदोन सिमेंटची घरं, बाकी पत्रे. बुरुज सोडा, उंच म्हणावी अशी एक भिंतही नव्हती. गावाच्या मागे एक बोडकं टेकाड होतं आणि त्यावर शेळ्या चरत होत्या.

पहिल्याच घराच्या ओसरीवर सत्तरीचे, धोतर-बनियनमधले एक गृहस्थ सुंभाची बाज विणत बसले होते. रामेश्वरभाऊंनी रामराम घातला. मी या वेळी सावधपणे सुरुवात केली. साठेक वर्षांपूर्वी इथे खामगावचे एक मास्तर होते, उंच, सायकलवरून बाजाराला जायचे.

त्यांचा हात थांबला. "तुमी कोन त्यांच्या?"

"मुलगी."

त्यांनी सुंभ खाली ठेवलं, उठले आणि घरात तोंड करून ओरडले, "अवं, पिठलं टाक! मास्तराची पोरगी आली!"

त्यांचं नाव किसनराव. दादांचे विद्यार्थी, तिसरीच्या वर्गातले. मी काही विचारण्याआधीच माझ्या हातात पाण्याचा लोटा, पायाखाली चटई आणि समोर ताट आलं. ज्वारीची भाकर, कांद्याचं पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाटीभर आमरस. त्यांच्या सुनेने तिसऱ्यांदा रस वाढला तेव्हा मी हात आडवा धरला, तर तिने हाताच्या बाजूने वाढला. बाहेर आग ओतत होती आणि या खोलीत मात्र पंखा नसतानाही अंगावर शहारा येईल असा गारवा होता. काळ्या कोटाच्या भिंतीला टेकले होते तेव्हा लागला होता, तसाच.

शेवटी मी धीर करून विचारलं, "किसनराव, इथे एक गढी होती म्हणतात. सात बुरुजांची."

"सात?" ते मोठ्याने हसले. "चार होते जी. सात कोन म्हने?"

चार! मला इतका आनंद झाला, की घास हातातच राहिला. सातचे चार झाले तरी शून्य तर नव्हते. "मग कुठे गेली ती?"

"कुठी जाते? इथीच आहे."

"कुठे?"

त्यांनी बोट वर केलं. मी मान वर केली. सागाच्या काळपट तुळया, त्यांवर आडव्या फळ्या, आणि फटींतून दिसणारी पांढुरकी माती.

"हे धाबं (मातीचं सपाट छप्पर) गढीच्या मातीचं आहे, ताई. तुमी गढीखालीच जेवून राह्यल्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गढीची ती पांढरी माती चिवट, एकदा चोपून बसवली की पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही. त्यामुळे दर वर्षी पावसाच्या आधी सगळा गाव गढी खणायचा आणि टोपल्याटोपल्याने माती घरावर नेऊन घालायचा. पिढ्यान् पिढ्या. किल्ला असा हळूहळू गावावर चढला. आता धाब्याची घरं पाचच उरली आहेत आणि गढीचा अर्धा बुरुज. शेळ्या चरत होत्या तेच ते टेकाड.

"आन् मास्तर आले थ्या साली शाळा अशी गळे, का आमी पोरं एका कोपऱ्यात कोंबड्यावानी बसो. मास्तर घरोघर गेले, का शाळेवर माती टाका. लोक म्हने, पहिले आपलं घर, मंग शाळा. मास्तरानं दुपट्टा डोक्याले बांधला, टोपलं घेतलं आन् एकटे खनाले लागले. शहरातला मानूस तो, कधी वझं उचललेलं नाई. दुसऱ्या दिवशी मान अशी आखडली, का फळ्यावर लिहाचे तं तिरपे उभे राहून लिहे. तिसऱ्या दिवशी माहा बाप लाजला. थो गेला टोपलं घेऊन. मंग सारा गाव गेला."

ताटातलं मला दिसेनासं झालं. मी उघडपणे रडले, आणि सून घाबरून ठेच्याकडे बघायला लागली. टपरीवाल्याचं म्हणणं खरं होतं, नाशिकचे लोक लवकर रडतात.

"तवापासून रीत आहे," किसनराव म्हणाले. "दर साली गढीचं पहिलं टोपलं शाळेवर पडते. नवी शाळा स्लॅबची झाली, तरी जुन्या खोलीवर आमी टाकतोच. या वर्षाचं रविवारी टाकाचं होतं. पन तुमी आल्या, तं आजच टाकू."

पाचच्या सुमाराला ऊन जरा कलल्यावर आम्ही टेकाडावर गेलो. खबर पसरली होती आणि पंचवीस-तीस माणसं जमली होती. अर्धा बुरुज जवळून पाहिला तर खरोखरच चुन्यासारखा पांढरा. दादांनी निदान रंग तरी वाढवून सांगितला नव्हता. किसनरावांनी नारळ फोडला, कुदळीचा पहिला घाव घातला आणि टोपलं भरायला घेतलं. मी म्हटलं, हे मी नेणार.

"ताई, पॅकेजमधी नाई हे," रामेश्वरभाऊ काळजीने म्हणाले.

मी ओढणीची चुंबळ केली. दोन बायकांनी टोपलं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि माझी मान खांद्यात गेली. नुसतं अर्धंच भरलं होतं, हे नंतर कळलं. टेकाड उतरून शाळेपर्यंतचं अंतर असेल दोन-तीनशे पावलं. माती डोळ्यांत गेली, एक चप्पल वाटेत राहिली, आणि मागून सगळा गाव "जपून जी, जपून!" म्हणत चालला होता. शाळेच्या शिडीवर मी तिसऱ्या पायरीवर अडकले, तेव्हा एका तरण्या बाईने टोपलं अलगद वर घेतलं आणि मला हाताला धरून ओढलं. धाब्यावर माती ओतली, पायाने पसरली. त्या उन्हातान्हात, एका पायात चप्पल असलेली मी इतकी खूश होते, की मला नाचावंसं वाटत होतं.

तिथूनच मी घरी फोन लावला. दादांनी उचलला.

"हं."

"दादा, मी टाकळीला आहे."

"कुठल्या?"

"अमडापूरच्या पलीकडच्या. शाळेच्या धाब्यावर उभी आहे. आत्ताच किल्ला डोक्यावरून वाहून आणला."

तेवढ्यात रामेश्वरभाऊ शिडी चढून वर आले, त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि चार्ज झालेला माइक त्याला चिकटवला. दादांचा श्वास अख्ख्या गावाला ऐकू यायला लागला.

किसनराव खालून ओरडले, "मास्तर! मी किसन! पाढा चुकलो म्हून तुमी मले बुरुजावर उभं केलं होतं!"

लाउडस्पीकर खरखरला. "सतराचा," दादा म्हणाले. "सतराचा पाढा. म्हण आता."

सत्तरीचे किसनराव ताठ उभे राहिले, हात मागे बांधले. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी, सतरा सक..." आणि अडकले. गर्दीतून कोणीतरी पुटपुटलं, "एकशे दोन."

"मागून कोन सांगून राह्यलं बे?" लाउडस्पीकर कडाडला.

सगळं गाव हसलं. माझ्या आयुष्यात दादा असं बोललेले मी ऐकले नव्हते. नाशिकला आल्यावर ही भाषा त्यांनी कुठेतरी बांधून ठेवली असणार, नीट, कडीकुलपात. आणि किसनरावांच्या एका पाढ्याने ती उघडली.

"किसन्या, शाळा गळते का रे?"

"नाई मास्तर. एक थेंब नाई. दर साली पहिलं टोपलं शाळेचंच."

मग दादांचा आवाज आला, जरासा घोगरा. "बरं. सुमीले जेवू घातलं का?"

"तीन वाट्या रस पेल्या!" सून खालून म्हणाली.

परतताना रामेश्वरभाऊंनी माइक मागच्या सीटवर ठेवून दिला. म्हणाले, यापुढे तो फक्त फोनसाठी. मी त्यांना म्हटलं, पुढच्या पाहुण्याला कान लावायला सांगायला विसरू नका. चिखलीपर्यंत ते मला मामाच्या घोड्यांच्या गोष्टी सांगत राहिले, आणि मला वाटतं, त्यातले निम्मे घोडे त्यांनी त्याच रस्त्यावर जन्माला घातले. मी एकही मोजला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. किसनरावांनी दिलेली मातीची पुरचुंडी दादांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उघडली, चिमटीत माती घेऊन बोटांनी चुरली, वास घेतला आणि काही न बोलता उशाशी ठेवून दिली. मला जरा वाईटच वाटलं. दोन महिन्यांच्या सवयीने ते आता गप्पच राहणार की काय?

या प्रवासात मी राजवाडा पाहिला, कोट पाहिला, आणि डोळ्यांना न दिसणारा एक किल्लाही पाहिला. पण मला सगळ्यात जास्त कळलं ते माझ्याबद्दल. एवढी वर्षं मी दादांच्या गोष्टीतले बुरुज मोजत बसले होते. सात की चार, हे तपासण्यात मी ते टोपलं कधी पाहिलंच नाही, ज्याखाली त्यांची मान आखडली होती. ते टोपलं त्यांनी कधी नीट सांगितलंही नाही. बढाई मारायची ती बुरुजांची. स्वतः केलेलं तेवढं एका वाक्यात, आणि त्यालाच आम्ही हसलो.

रात्री सगळे जेवायला बसलो. मुलाने ताट वाढून दादांच्या पुढ्यात ठेवलं आणि हळूच विचारलं, "आजोबा, ती गढी केवढी होती?"

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पाठ सरळ केली.

"केवढी? अरे, मैलभरावरून दिसायची! चुन्यासारखी पांढरीशुभ्र! नऊ बुरुज!"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला मी चारचं सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हते. मी दादांच्या वाटीत आमटी वाढली.

"नऊ कुठले, दादा? दहा होते. मागच्या बाजूचा तुम्ही विसरलात."

दादांच्या चेहऱ्यावर ते जुनं, लबाड हसू हळूहळू पसरत गेलं.

"हाव," ते म्हणाले. "थो राह्यलाच."